आरोग्यविचार : हृदय बरें झालें, जांघेकडे कोणी पाहिलें काय?

सत्तरी ओलांडलेल्या वडील माणसांचें हृदय छाती न उघडतां दुरुस्त होतें, ही गोष्ट आतां आमच्या वाचकांस नवलाची राहिलेली नाहीं. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकीं कोणत्याहि उपनगरांत चार घरें फिरून पाहावीं. एका घरांत तरी अँजिओप्लास्टी झालेले काका, नाहीं तर झडप बदललेल्या आजीबाई भेटतातच. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मंडळी घरीं येतात, आप्तेष्ट समाचारास जातात, आणि “हृदय आतां कसें आहे?” हा एकच प्रश्न दहा तोंडांनीं विचारला जातो. “जांघ कशी आहे?” असें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही जो प्रश्न वाचकांपुढें मांडणार आहों तो हाच. तो थोडा संकोचाचा आहे खरा; परंतु संकोचापायींच त्याची हयगय होते, म्हणून तो कोणीं तरी उघड बोलावयास हवा.

हा विषय मनांत येण्यास कारण घडलें तें असें. घाटकोपरास आमच्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड आहे. घर एकत्र, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, आणि सर्वांच्या वर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई. जिना चढतांना त्यांस धाप लागे. एकदोनदां देवघरांत घेरीहि आली. तपासणींत महाधमनीच्या तोंडाशीं असलेली झडप आंखडल्याचें निघालें, आणि छाती न उघडतां नवी झडप बसविण्याचें ठरलें. डॉक्टर मंडळी ज्यास ‘टावी’ म्हणतात तीच ही क्रिया. काम उत्तम पार पडलें. चौथ्या दिवशीं आजीबाई घरीं आल्या, आणि धाप न लागतां खोलींतल्या खोलींत फेऱ्या घालूं लागल्या. घरांत आनंदीआनंद झाला.

सातव्या दिवशीं थोरल्या सूनबाईंच्या लक्षांत आलें कीं, सासूबाई उजवा पाय जपून टाकतात आणि खुर्चीवर बसतांना कुशीवर कलतात.

“आई, दुखतें का कांहीं?”

“अग, कांहीं नाहीं. टोंचलेल्या जागीं जरा ठणकतें. होईल बरें आपोआप.”

“मी पाहूं का?”

“तिथें काय पाहायचें?” असें म्हणून आजीबाईंनीं लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि विषय संपविला. मुलांनीं रोजच्याप्रमाणें संध्याकाळीं विचारलें, “आई, छातींत दुखत नाहीं ना?” छातींत दुखत नव्हतेंच. सर्वांचें समाधान झालें.

या गोष्टीचा शेवट पुढें येईल. तत्पूर्वीं जांघेचा आणि हृदयाचा संबंध काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

हृदयाकडे जाणाऱ्या वाटा शरीरांत अनेक आहेत. परंतु रुंद, सरळ आणि हाताशीं येणारी वाट म्हणजे मांडीच्या मुळाशीं असलेली मोठी धमनी. तेथें बोट ठेवलें असतां नाडी स्पष्ट लागते, आणि धमनीच्या मागें खुब्याच्या हाडाचा गोल माथा असतो, म्हणून ती वरून दाबतां येते. १९२९ सालीं वेर्नर फोर्समन या जर्मन तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच हातांतील नीलेंतून नळी सारून ती हृदयापर्यंत नेली, तेव्हां वरिष्ठांनीं त्याला वेड्यांत काढलें. पुढें १९५६ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९५३ सालीं सेल्डिंगर या स्वीडिश वैद्यानें प्रथम सुई, सुईंतून तार आणि तारेवरून नळी अशी सोपी युक्ति प्रसिद्ध केली, आणि धमनी कापून उघडी करण्याची गरजच संपली. १९७७ सालच्या सप्टेंबरांत झुरिक येथें ग्रुंटझिग यांनीं याच वाटेनें जाऊन हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्यानें रुंद केली. आपल्या देशांत ही क्रिया डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिक्कल यांनीं १९८६ सालीं मद्रासेस प्रथम केली. पुढें १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्सांतील रूआं शहरीं आलें क्रिबिए यांनीं छाती न उघडतां मनुष्याच्या हृदयांत नवी झडप बसविली. त्या वेळीं ते नीलेच्या वाटेनें गेले होते. आज बहुतेक ठिकाणीं धमनीचीच वाट घेतात. आपल्या शेजारीं वापी येथें तयार होणाऱ्या ‘मायव्हाल’ नांवाच्या देशी झडपेस २०१८ सालीं सरकारी परवानगी मिळाली, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्या उपनगरांचा या इतिहासाशीं संबंध बराच निकटचा आहे. एके काळीं हृदयाचें मोठें काम म्हटलें कीं परळची वाट धरावी लागे. १९६८ सालीं डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणाचा देशांतील पहिला प्रयत्न केला तो तेथील के. ई. एम. रुग्णालयांतच. पुढें डॉ. नितू मांडके या विख्यात हृदयशल्यवैद्यांनीं अंधेरीस चार बंगल्यांपाशीं एक भव्य रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतला. दुसऱ्यांचीं हृदयें वांचविणारा हा मनुष्य २००३ सालीं स्वतः हृदयविकारानेंच अकालीं गेला. तें अपुरें राहिलेलें रुग्णालय २००९ सालीं कोकिलाबेन धीरुभाई अंबानी यांच्या नांवानें सुरू झालें. २०१५ सालच्या ऑगस्टांत पुण्याहून आणलेलें हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयांत एका रोग्याच्या छातींत बसविण्यांत आलें, आणि मुंबईंत सत्तेचाळीस वर्षांनंतर हृदयारोपण झालें. सारांश, जें पूर्वीं परदेशीं किंवा परळास होई तें आतां घरापासून रिक्षेच्या अंतरावर होतें. सोय जवळ आली. तिच्याबरोबर तिची जबाबदारीहि घराजवळ आली आहे.

आतां मुद्द्याकडे वळूं. हृदयाचें काम आटोपलें म्हणजे नळी बाहेर काढतात आणि धमनीस पडलेलें छिद्र मागें उरतें. साध्या अँजिओग्राफीची नळी सुमारें दोन मिलिमीटर जाडीची असते; तें छिद्र लहान. नवी झडप घडी घालून नेणारी नळी मात्र बाहेरून मोजली तर सहा मिलिमीटरांच्या आसपास, कधीं त्याहून अधिक भरते. आणि ज्या धमनींतून ती जावयाची ती स्वतःच पुष्कळांत सहा ते आठ मिलिमीटर रुंदीची. बारीक चणीच्या वृद्ध स्त्रियांत ती आणखीहि अरुंद असते. त्यांत वयोमानानें धमनीच्या भिंतींत चुन्याचे थर बसलेले, आणि रक्त गोठूं नये म्हणून औषध दिलेलें. अशा भिंतीस पडलेलें भोंक, ज्यांतून रक्त हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जोरानें बाहेर येऊं पाहतें, तें बंद करणें हें हृदयाच्या दुरुस्तीइतकेंच कसबाचें काम आहे.

पूर्वीं यास उपाय एकच होता : हातानें दाबणें. शिकाऊ डॉक्टर दहा-वीस मिनिटें जांघ दाबून उभा राही, मग वर वाळूची पिशवी ठेवीत, आणि रोग्यानें पाय न हलवितां कित्येक तास उताणें पडून राहावें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हें काम करणारीं साधनें निघालीं. त्यांचे ठळक प्रकार दोन. पहिला टांक्याचा. ‘पर्क्लोज’ नांवाचें साधन धमनीच्या भिंतींतून बारीक धागा ओवून देतें. मोठी नळी घालावयाची असेल तर छिद्र लहान असतांनाच धागे ओवून त्यांचीं टोकें बाहेर ठेवतात, आणि शेवटीं पिशवीची नाडी आंवळावी तशी गांठ आंवळतात. दुसरा प्रकार बुचाचा. ‘अँजिओसील’ आणि मोठ्या छिद्रांसाठीं ‘मँटा’ हीं या जातीचीं साधनें. यांत धमनीच्या आंत एक लहानशी चकती राहते, बाहेरून कोलॅजन नांवाच्या पदार्थाचा बोळा बसतो, आणि दोहोंच्या मध्यें भिंत चिमटीसारखी धरली जाते. आंतील चकती व बोळा कांहीं आठवड्यांत-महिन्यांत शरीरांत विरून जातात.

या साधनांनीं रोग्याचे हाल कमी झाले, यांत संशय नाहीं. परंतु त्यांनीं धोका नाहींसा केला असें मात्र समजूं नये. जर्मनींत ४,५२४ रोग्यांवर झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेंत, साध्या अँजिओग्राफीनंतर हातानें दाबलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ७·९ जणांस, आणि साधनें वापरलेल्यांपैकीं शेंकडा ६·९ जणांस धमनीचा कांहीं ना कांहीं त्रास झाला. म्हणजे त्रासाच्या बाबतींत फरक थोडा. वेळेच्या बाबतींत मात्र पुष्कळ. दाबून रक्त थांबण्यास दहा मिनिटें लागत, तेथें साधनानें एक मिनिट लागलें.

मोठ्या छिद्रांविषयींची परीक्षा याहून बोधप्रद आहे. तीहि जर्मनींतीलच. टावी झालेल्या ५१६ रोग्यांपैकीं अर्ध्यांस बुचाचें साधन आणि अर्ध्यांस टांक्याचें साधन, असें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटून दिलें. तिचे निष्कर्ष २०२१ सालीं जाहीर झाले. बुचानें रक्त सुमारें ८० सेकंदांत थांबलें, टांक्यानें थांबण्यास २४० सेकंद लागले. एवढेंच पाहिलें तर बूच श्रेष्ठ ठरावें. परंतु धमनीचे लहानमोठे सर्व अपाय मोजले तेव्हां बुचाच्या बाजूस ते शेंकडा १९·४ निघाले आणि टांक्याच्या बाजूस शेंकडा १२. रक्त लवकर थांबलें म्हणजे छिद्र नीट बुजलें असें होत नाहीं, हा त्यांतील धडा. एका परीक्षेवरून एक साधन सर्वस्वीं टाकाऊ ठरत नाहीं. ज्या हाताला ज्या साधनाचा सराव त्या हातीं तें साधन शोभतें, हेंहि तितकेंच खरें. पण आमच्या वाचकांनीं दुसरा आंकडा विसरूं नये. उत्तम साधन, उत्तम हात, आणि परीक्षेंतील काटेकोर देखरेख असूनहि दर आठ-नऊ रोग्यांमागें एकास जांघेचा त्रास झालाच. अशा वेळीं “आमच्याकडे कांहीं होणार नाहीं” असें समजून निर्धास्त राहणें शहाणपणाचें नाहीं.

हे अपाय कोणते? पहिला रक्तस्रावाचा. तो बाहेर दिसला तर बरें. कारण दिसतो म्हणून त्यावर उपाय होतो. परंतु सुई जरा वर लागली असेल तर रक्त पोटाच्या पडद्यामागें सांठतें. जांघ वरून स्वच्छ दिसते, आणि रोग्याच्या पाठींत किंवा कुशींत दुखूं लागतें, घाम सुटतो, घेरी येते. अशा वेळीं “वाताचें दुखणें असेल” म्हणून शेक देत बसणें प्राणावर बेतेल. दुसरा अपाय खोट्या फुगवट्याचा. छिद्र पुरतें बुजलें नाहीं म्हणजे रक्त धमनीबाहेर येऊन मांसांत पोकळी करतें, आणि तेथें ठोके देणारी गांठ तयार होते. तिसरा याच्या उलट : छिद्राबरोबर धमनीच आंवळली जाते, किंवा बुचाचा तुकडा आंत सरकून वाट अडवितो. मग पाय गार पडतो, फिकट किंवा निळसर दिसतो, बधिर होतो, चालतांना पोटरी भरून येते. चौथा जंतुदोषाचा. तो क्वचित् होतो. पण शरीरांत परकी वस्तु असल्यामुळें झाला तर हट्टी असतो, आणि कित्येकदां आठ-पंधरा दिवसांनीं, सर्व मंडळी निर्धास्त झाल्यावर, ताप आणि पू यांच्या रूपानें प्रगट होतो.

या सर्वांस उपाय आहेत, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण भीति घालणें हा या लेखाचा हेतु नव्हे. कांहीं रक्तस्राव नुसत्या दाबानें थांबतात. कांहींना आंतून फुगा फुगवून किंवा कापडानें मढविलेला स्टेंट बसवून आवर घालतात. फुगवट्याच्या गांठींत सोनोग्राफीनें पाहून रक्त गोठविणारें औषध टोंचतां येतें. आणि शेवटचा उपाय म्हणून शल्यवैद्य धमनी उघडून शिवतात. मात्र प्रत्येक उपायाचें यश वेळेवर अवलंबून आहे. सकाळीं दाखविलेली गांठ सुईनें बरी होते. तीच चार दिवस झांकून ठेवली तर चाकूची पाळी येऊं शकते.

म्हणून पहिलें काम शस्त्रक्रियेपूर्वींचें. संमतिपत्रावर सही करण्याआधीं घरांतील एका शांत डोक्याच्या माणसानें डॉक्टरांस कांहीं प्रश्न विचारावे, आणि ते विचारण्यांत अवमान होतो असें कोणीं मानूं नये. जांघेंतील धमनीची रुंदी सी. टी. स्कॅननें मोजली आहे काय? तींत चुना किती आहे? सुई टोंचतांना सोनोग्राफीनें पाहून टोंचणार काय? छिद्र कशानें बुजविणार, आणि त्या साधनाचा हात किती बसलेला आहे? तें फसलें तर धमनी शिवणारा शल्यवैद्य त्याच इमारतींत आहे, कीं दुसऱ्या उपनगरांतून बोलवावा लागेल? आणि असें कांहीं झालें तर वाढलेल्या दिवसांचा व उपचारांचा खर्च सांगितलेल्या आंकड्यांत धरला आहे काय? साध्या अँजिओग्राफीचा किंवा अँजिओप्लास्टीचा प्रसंग असेल तर आणखी एक प्रश्न : मनगटाच्या धमनींतून काम होण्यासारखें आहे काय? १९९२ पासून ती वाट अँजिओप्लास्टीसाठीं रूढ होत गेली आहे, आणि तेथें रक्तस्राव कमी होतो. झडपेची जाड नळी मात्र मनगटांतून जात नाहीं.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट बोलणें प्राप्त आहे. बुचाच्या साधनांतील कोलॅजन हें गाईबैलांच्या शरीरांतून काढलेलें असतें. आणि नळीवाटे बसविण्याच्या झडपाहि गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावेष्टणापासून बनविलेल्या असतात. आमच्यापैकीं कांहीं घरांतील वडील माणसांस ही गोष्ट कळली तर मनाला लागेल. कांहींना प्राणरक्षणापुढें ती गौण वाटेल. दोन्ही भावनांचा आम्ही आदर करतों. टांक्याचा धागा कृत्रिम असतो, म्हणून छिद्र बुजविण्याच्या बाबतींत तरी निवड असूं शकते. झडपेच्या बाबतींत ती जवळजवळ नाहीं, कारण धातूची झडप बसवावयाची तर छाती उघडावी लागते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याच्या शरीरांत ती वस्तु जावयाची त्यास ती आधीं सांगावी, आणि निर्णय त्याचा असावा. “आईला कशाला सांगायचें, तिला वाईट वाटेल,” असें म्हणून मुलांनीं परस्पर ठरविणें हें वरवर प्रेमाचें दिसलें तरी न्यायाचें नाहीं. ज्या आईनें जन्मभर स्वतःचे नेम स्वतः ठरविले, तिला याहि प्रसंगीं ठरवितां येतें.

दुसरें काम घरीं आल्यानंतरचें, आणि तें सर्वस्वीं कुटुंबाच्या हातचें आहे. रुग्णालयांतून निघतांना कोणतें साधन बसविलें याचें कार्ड मागून घ्यावें आणि तें औषधांच्या कागदांत जपून ठेवावें. पुढील तीन महिन्यांत त्याच जांघेंत पुन्हां सुई घालण्याचा प्रसंग आला तर डॉक्टरांस तें पाहावें लागतें. डॉक्टरांनीं सांगितले असतील तितके दिवस, आणि सांगितले नसतील तर विचारून घेऊन, उकिडवें बसूं नये. आपल्या घरांत हा नियम फार आड येतो. पाटावर जेवणें, जमिनीवरून भाजी निवडणें, जुन्या पद्धतीचा शौचकूप, देवापुढें साष्टांग नमस्कार, या सर्वांत जांघ दुमडते आणि ताजें बुजलेलें छिद्र ताणलें जातें. पूजा खुर्चीवर बसून केली तर देव रागावत नाहीं. पाण्याची भरली बादली उचलूं नये, लिफ्ट नसलेल्या इमारतींत दिवसांतून एकदांच जिना चढावा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षेचा लांबचा प्रवास टाळावा. खोकला किंवा शिंक आल्यास तळहातानें जांघ दाबून धरावी. जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, तूप किंवा घरगुती लेप लावूं नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, “जांघेंत निळें पडलें” म्हणून, डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नयेत. तसें केल्यास हृदयांतील नवी वस्तु धोक्यांत येते.

आणि मुख्य म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ जांघ पाहावी. थोडें निळें-काळें पडणें, वाटाण्याएवढा कठीणपणा लागणें हें पुष्कळांत होतें आणि हळूहळू जातें. परंतु गांठ वाढत असेल, तिला ठोका असेल, दुखणें कमी होण्याऐवजीं चढत असेल, ताप किंवा स्राव असेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. दोन्ही पावलें एकाच वेळीं हातांत धरून पाहावीं. एक गार आणि एक ऊबदार लागलें तर तासभरहि थांबूं नये. रक्त भळभळून आलें तर रोग्यास जेथें असेल तेथें सपाट निजवावें, छिद्राच्या किंचित् वर बोटांनीं घट्ट दाबून धरावें, दाब मध्येंच उचलून “थांबलें का” असें पाहूं नये, आणि दुसऱ्या माणसानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब सोडूं नये.

हें पाहावयाचें कोणीं, हा खरा प्रश्न आहे. आणि येथेंच आम्ही घाटकोपरच्या त्या घरीं परत येतों. आठव्या दिवशीं दुपारीं, घरांतील पुरुष मंडळी कामावर गेलेली असतां, सूनबाईंनीं दार लावून घेतलें आणि सासूबाईंच्या पायांशीं बसून त्या म्हणाल्या, “आई, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्हीं माझें सगळें केलेंत. तेव्हां मी लाजलें नाहीं. आज मला एकदांच पाहूं द्या.” आजीबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं स्वतःच निऱ्या बाजूस केल्या. जांघेंत लिंबाएवढी गांठ होती, आणि बोट ठेवतांच तिचा ठोका बोटास लागला. सूनबाईंनीं कोणास विचारीत न बसतां रुग्णालयास फोन केला, टॅक्सी मागविली, आणि सासूबाईंस मागील आसनावर निजवून नेलें. सोनोग्राफी झाली, खोटा फुगवटा निघाला. सुईनें औषध टोंचलें आणि गांठीचा ठोका थांबला. दोन दिवसांनीं आजीबाई घरीं आल्या. आणखी चार दिवस गेले असते तर ती फुटलीहि असती, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

पुढें मुलांस सर्व हकीकत कळली तेव्हां थोरला मुलगा आमच्यापाशीं म्हणाला, “आम्ही रोज विचारीत होतों हो, पण विचारीत होतों तें छातीचें.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. त्याचा दोष म्हणावा तर तो आपणां सर्वांचाच आहे. आपल्या घरांत वडील माणसांची सेवा होते, औषध वेळेवर दिलें जातें, पैशाचा हात आंखडला जात नाहीं. परंतु शरीराच्या कांहीं भागांविषयीं बोलावयाचें नाहीं, हा नेम रोगापुढेंहि मोडत नाहीं. विनय हा गुण खरा. पण ज्या विनयापायीं आई दुखणें लपविते आणि मुलगा तें विचारूं शकत नाहीं, त्याला प्रसंगीं बाजूस सारलें पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशीं, रक्तदाता कोण आणि डबा कोणी न्यावयाचा हें ठरवितांना, “जांघ कोण पाहील?” हेंहि ठरवावें, आणि तें रोग्याच्याच पसंतीनें ठरवावें. आजीबाईंना सून चालेल, नात चालेल किंवा शेजारची नर्स चालेल. आजोबांना मुलगा चालेल. घरीं कोणी नसेल, मुलें परदेशीं असतील, तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ येणारी परिचारिका ठेवावी. आधीं ठरलेल्या गोष्टीची लाज वाटत नाहीं. अवचित् विचारलेल्या गोष्टीची वाटते.

त्या घरांत आतां आजीबाई पूर्वींसारख्या जिना चढतात. परवां आम्ही गेलों असतां त्यांच्या एका भाचीच्या यजमानांची अँजिओप्लास्टी ठरल्याची वार्ता निघाली. सर्वांनीं हृदयाविषयीं, डॉक्टरांविषयीं, खर्चाविषयीं चौकशी केली. आजीबाई मात्र शेवटीं हळूच म्हणाल्या, “मनगटांतून करतात का विचार, आणि जांघेंतून केलें तर रोज पाहायला सांग. लाजूं नको म्हणावें.” एवढ्या मोठ्या विषयावर याहून थोडक्यांत सांगणें आम्हांसहि जमलें नसतें.